गिरणीच्या गावात कॉलेज

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादचे निजामी राज्य संपले, तेव्हा नांदेडात कापडाची गिरणी होती, कापसाचे जिन-प्रेस होते, रेल्वे होती आणि शिखांचे तख्त होते. कॉलेज मात्र नव्हते. मॅट्रिक झालेल्या पोराला पुढे शिकायचे तर औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज गाठावे लागे, नाहीतर सरळ हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. ज्याला ते परवडत नसे त्याचे शिक्षण मॅट्रिकलाच थांबे. गावात यंत्रे येऊन जवळजवळ अर्धे शतक लोटले होते, तरी ग्रंथ आले नव्हते. ही उलटी क्रमवारी कशी आली आणि ती मोडायला लोकांनी काय केले, हे समजून घेतल्याशिवाय मराठवाड्याच्या या कोपऱ्याचा विसाव्या शतकातला इतिहास कळत नाही, असे मला वाटते.

नांदेडला विद्येची परंपराच नव्हती असे कोणी म्हणू नये. सोळाव्या शतकात काशीच्या पंडितसभेत ज्या शेष घराण्याचा दबदबा होता, ते घराणे मूळ गोदाकाठच्या नांदेडचे. ‘सिद्धान्तकौमुदी’ लिहिणारे भट्टोजी दीक्षित हे शेषकृष्णांचे शिष्य. म्हणजे पुढची तीनशे-चारशे वर्षे हिंदुस्थानभर ज्या ग्रंथावरून संस्कृत व्याकरण शिकवले गेले, त्याच्या मागची गुरुपरंपरा नांदेडातून निघालेली आहे. ‘यथार्थदीपिका’कार वामन पंडितांचे घराणेही नांदेडचेच सांगतात. पण हे विद्वान काशीला गेले आणि तिथेच मोठे झाले. गावात राहिले ते हातमाग. नांदेडची तलम मलमल आणि जरीकाठी उपरणी एके काळी लांबवर नावाजलेली होती, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये आहे.

शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली इथे आले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा बहादूरशहा आपल्या धाकट्या भावाचा, कामबक्षाचा, बंदोबस्त करायला दक्षिणेत उतरला होता आणि गुरू त्याच सुमारास गोदावरीच्या काठी मुक्कामाला थांबले. इथेच त्यांना माधोदास बैरागी भेटला आणि बंदा बहादूर होऊन पंजाबकडे गेला. इथेच त्यांच्यावर मारेकरी पठाणाचा वार झाला, आणि यापुढे ग्रंथसाहिब हाच गुरू, असे सांगून ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या जागी आज गुरुद्वाऱ्याची जी वास्तू आपण पाहतो ती महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ च्या दरम्यान बांधून घेतली. त्याच काळात दिवाण चंदुलालांच्या कारभारात पंजाबातून शीख पलटणी निजामाच्या चाकरीत आल्या. त्या शिपायांचे वंशज म्हणजे दखनी शीख. घरात पंजाबीबरोबर दखनी हिंदी, बाजारात मराठी आणि गरज पडली तर तेलुगूही बोलणारा हा समाज दोन शतके या मातीत मुरला आहे. त्याला पाहुणा समजणे चूक आहे.

तख्त सचखंडातले काही विधी पंजाबातही आता आढळत नाहीत. पहाटे, खरे तर रात्र सरायच्या आधीच, गोदावरीचे पाणी गागरीत भरून गुरुद्वाऱ्यात आणले जाते. ते आणणाऱ्याला गागरिया सिंग म्हणतात. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान असते. त्या दिवशी नदीपासून गुरुद्वाऱ्यापर्यंत घागरी घेतलेल्या माणसांची रांग लागते, आत ठेवलेली गुरूंची शस्त्रे बाहेर काढून धुतली जातात आणि सारा परिसर गोदावरीच्या पाण्याने स्वच्छ होतो. दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोल निघतो. घोडे, उघड्या तलवारी आणि निळे-भगवे फेटे रस्त्याने धावत सुटतात. हे सगळे ज्या गावात चालते तिथेच उर्वशी घाटावर श्राद्धे होतात, मोहल्ल्यांतून मोहरमचे पंजे उठतात आणि बौद्ध वस्त्यांतून भीमजयंतीच्या मिरवणुका निघतात. एकाच नदीच्या पाण्यावर एवढ्या श्रद्धा पोसणारे दुसरे गाव मराठवाड्यात मला तरी दिसत नाही.

या गावाला यंत्रयुगात ओढले ते रेल्वेने. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे ही मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली. निजाम सरकारला लष्कर हलवायला आणि दुष्काळात धान्य न्यायला ती हवी होती, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला हवा होता कापूस. धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड या प्रत्येक स्टेशनाजवळ जिनिंग-प्रेसिंगच्या फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. या भागातला गावरानी कापूस लांब धाग्याचा आणि चिवट. शेतकरी बैलगाडीत कापूस भरून आणी, जिनात सरकी वेगळी होई, रुईच्या गाठी दाबल्या जात आणि वॅगनीत चढत. सरकी गुरांना आणि तेलाला, रुई मुंबईला, पैसा आडत्याला. शेतकऱ्याच्या हाती पट्टी यायची, आणि तीही बहुधा आधीच्या उचलीत वळती होऊन.

मग कोणाच्या तरी मनात आले की रुई मुंबईला कशाला पाठवायची, सूत इथेच काढू. १९२० च्या दशकात नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते आणि त्यांच्या राज्यात जे नवे निघे त्याला त्यांचे नाव मिळे. विद्यापीठाला उस्मानिया, मिलला उस्मानशाही. १९२९ साली सरकारने औद्योगिक ट्रस्ट फंड काढला आणि त्यातून राज्यातल्या गिरण्या-कारखान्यांत भांडवल घातले. वरंगळची आझमजाही मिल ही उस्मानशाहीची धाकटी बहीण. मराठवाड्यात औरंगाबादला एक मिल होती आणि नांदेडला ही.

मिलने गावाची घडी बदलली. तोपर्यंत नांदेडचा दिवस आरती, अजान आणि बाजार यांवर बेतलेला होता, आता भोंग्यावर पाळ्या चालू लागल्या. नदीपल्याडच्या आणि सीमेवरच्या खेड्यांतून माणसे कामाला आली. त्यांत तेलुगू बोलणारे पद्मशाली होते, उर्दू बोलणारे मोमीन होते, मराठा-कुणब्यांची धाकटी पोरे होती आणि गावकीचा जाच टाकून आलेले दलित होते. हातमागावर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या विणकरांच्या पोरांनी मिलच्या साच्यांवर नोकरी धरली. हे सुखाचे स्थलांतर नव्हते. पिंजणखात्यात रुईचे तंतू छातीत जात, साचेखात्यात कान बधिर होत, आणि बदली कामगाराला तर सकाळी दारावर उभे राहिल्याशिवाय त्या दिवशी काम आहे की नाही हे कळत नसे. पण महिन्याच्या महिन्याला रोख पगार ही गोष्ट या मुलखात नवी होती. त्या रोख पगारातूनच पुढे कितीतरी घरांत पहिली पाटी-पुस्तके आली.

शिक्षणाचे काय? निजामी राज्यात उर्दू ही राजभाषा. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ हे देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हिंदुस्थानातले पहिले विद्यापीठ. ही कर्तबगारी मोठी होती, आणि मराठी माणसानेही ती मोकळेपणाने मान्य करायला हवी. पण ती देशी भाषा राज्यातल्या बहुसंख्यांची नव्हती. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या मुलाला आधी परक्या भाषेचा डोंगर चढावा लागे. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ हा सरकारी हुकूम आडवा येई. अशा कोंडीत गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन, अंबाजोगाईचे योगेश्वरी आणि हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली. शाळा हीच त्या काळी मराठवाड्यातली राजकीय चळवळ होती, कारण दुसरी कोणती करूच दिली जात नव्हती.

हिप्परग्याच्या शाळेत १९२९ साली एक मुख्याध्यापक आला. त्याचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. टिळक वारले तेव्हा या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली होती. त्याच्या आयुष्यातला एक टप्पा सहसा ओझरता सांगितला जातो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिक्षण संपवून तो कामगार चळवळीत गेला. ना. म. जोशी हे त्या काळचे देशातले अग्रगण्य कामगार पुढारी, कायदेमंडळात गिरणी कामगारांची बाजू मांडणारे. खेडगीकर त्यांचे सहायक म्हणून दिल्लीत राहिले. तिथल्या मेहनतीने प्रकृती ढासळली, आणि मग ते हिप्परग्याच्या माळावरच्या शाळेत आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले.

कामगार कार्यकर्ता, मास्तर, संन्यासी, या क्रमाने ते घडले. भगवी वस्त्रे अंगावर आल्यावर आधीची दोन माणसे त्यांनी टाकून दिली नाहीत. संन्यास घेतल्यावरही ते वर्गात शिकवत होते, १९३५ मध्ये अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत गेले तेही शिकवायलाच. आणि १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस जन्मायच्या आधीच तिच्यावर बंदी आली, तेव्हा त्यांनी खडू ठेवला आणि सत्याग्रह करून तुरुंगात गेले.

त्याच वर्षी निजामी राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन लातूरला भरले होते, १९४१ चे उमरीला. या दोन्ही गावांची निवड सहज झालेली नाही. लातूर आणि उमरी ही कापसाची आणि आडतीची गावे. तिथे रेल्वे होती, व्यापारी होते, बाहेरची वर्तमानपत्रे पोचत होती. चळवळ रुळांच्या कडेने वाढली. १९३८ च्या अखेरीस आणखी एक गोष्ट घडली. स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहाबरोबरच आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचा सत्याग्रह चालू होता. उदगीरचे आर्य समाजी वकील भाई श्यामलाल डिसेंबरमध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले. लोक पेटलेले होते. पण जबाबदार राज्यपद्धतीची मागणी धार्मिक भांडणात बुडून जाऊ नये म्हणून गांधीजींनी सल्ला दिला आणि स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. ज्या संघटनेचा चेहरा पुढे एक भगवे वस्त्र घातलेला माणूस झाला, तिने धर्माच्या लाटेवर स्वार होणे नाकारले. मराठवाड्याने या निर्णयाचे मोल पुरेसे ओळखलेले नाही.

यानंतरची दहा वर्षे इथे थोडक्यात सांगतो, कारण ती शाळेच्या पुस्तकांतही आहेत. बिलोलीजवळ अर्जापूरला २९ ऑक्टोबर १९४६ रोजी स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वामीजींना हैदराबादेत अटक झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि तो पैसा लढ्याच्या कामी लावला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

यापुढचे मात्र शाळेच्या पुस्तकांत नाही. त्या आठवड्यांत आणि नंतर मराठवाड्यात मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर कत्तली झाल्या, घरे आणि दुकाने लुटली गेली. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांचा सूड त्यांच्याशी काडीचा संबंध नसलेल्या शेजाऱ्यांवर उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे नोंदवले त्यांत नांदेड होते आणि उस्मानाबादही होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि लातूरच्या भरल्या बाजारपेठेत काय झाले याचे त्या अहवालातले वर्णन वाचवत नाही. मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते वाचले पाहिजे.

नांदेडात कॉलेज निघाले ते या सगळ्याला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पीपल्स कॉलेज सुरू झाले. नाव बघा. निजामाच्या राज्यात विद्यापीठाला राजाचे नाव होते, मिलला राजाचे नाव होते. या कॉलेजला ना राजाचे नाव दिले, ना देणगीदाराचे, ना देवाचे. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ते सर्वांना माहीत झाले. मराठवाड्याच्या दोन टोकांना एकाच वर्षी ज्ञानाचे असे दोन दरवाजे उघडले. मराठवाडा विद्यापीठ निघायला अजून आठ वर्षे होती. तोवर पदवी उस्मानियाचीच मिळे, फक्त ती घ्यायला आता हैदराबादला जावे लागत नसे.

कॉलेज आले आणि गावात नव्या तऱ्हेची माणसे आली. व्याख्यानमाला, अभ्यासमंडळे आणि वादाच्या बैठका सुरू झाल्या. मिलमध्ये युनियन होती, लाल बावट्याचे लोक होते, सेवादलाच्या शाखा होत्या. त्या सगळ्यांचे बोलणे एकमेकांच्या कानांवर पडू लागले. या वातावरणातून नांदेडने मराठीला एक माणूस दिला, नरहर कुरुंदकर.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचा. शिकले हैदराबादेत. परीक्षांशी त्यांचे कधी जमले नाही. इंटरला ते पुन्हा पुन्हा नापास झाले. पदवी हाती नसताना १९५५ साली ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाले आणि तिथून त्यांनी नाट्यशास्त्र, सौंदर्यशास्त्र, मनुस्मृती, इस्लाम आणि मराठ्यांचा इतिहास यांवर असे लिहायला आणि बोलायला सुरुवात केली की पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांना मान वर करून नांदेडकडे बघावे लागले. एम.ए. होऊन १९६३ मध्ये ते पीपल्स कॉलेजात आले आणि १९७७ मध्ये तिथेच प्राचार्य झाले. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला जोडलेली त्यांची प्रस्तावना मूळ कादंबरीइतकीच वाचली जाते. ते स्वतः नास्तिक होते आणि तसे उघड सांगत. एका मोठ्या तीर्थक्षेत्रात राहून, संन्याशाने काढलेल्या कॉलेजात शिकवून, धर्मग्रंथांची चिकित्सा करणारा हा माणूस गावाला कधी परका वाटला नाही. रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत त्यांना सगळे ‘गुरुजी’ म्हणत. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचा शेवट झाला, तेव्हा ते अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते.

मला वाटते, असा माणूस कॉलेज नसलेल्या नांदेडात घडला नसता, आणि मिल नसलेल्या नांदेडातही नाही. कारण त्याच्या सभेला जो श्रोता बसे तो नुसता पदवीधर नव्हता. पाळी संपवून आलेला कामगार, आडतीवरचा मुनीम, प्राथमिक शाळेतला मास्तर, असा मिश्र समाज त्याच्यापुढे असे. त्याला कळेल असे बोलायचे आणि विषय मात्र हलका करायचा नाही, ही कुरुंदकरांची शैली त्या श्रोत्याने घडवली.

लातूरची गोष्ट याच नदीच्या खोऱ्यातली, पण तिची चाल वेगळी. लातूर जुने, राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत ते याच गावावरून. पण आजचे लातूर घडवले ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या बार्शी लाइट रेल्वेने. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. तिचे दुसरे टोक तेव्हा पंढरपूरला. म्हणजे एकाच गाडीच्या डब्यांत आषाढी-कार्तिकीला वारकरी आणि एरवी कापूस, तूर, करडई, शेंगा. तीर्थयात्रा आणि बाजार या दोघांनी मिळून त्या रेल्वेचा खर्च भागवला. १९१७ मध्ये गंजगोलाई बांधली गेली. मधोमध गोल इमारत, तिच्यात जगदंबेचे देऊळ, आणि भोवती सोळा रस्ते फुटलेले. एक रस्ता सराफांचा, एक कापडाचा, एक किराण्याचा, एक भुसाराचा. देवीच्या पायाशी बाजार वसवण्याची ही कल्पना फैयाजुद्दीन या वास्तुविशारदाची, हेही लातूरकर अभिमानाने सांगतात, आणि सांगावेच.

नांदेडला गिरणीने गिरणी कामगार दिला, तर लातूरला गंजाने व्यापारी. म्हणून लातूरचे शिक्षणही व्यापारी शिस्तीने वाढले. १९६१ मध्ये दयानंद कॉलेज निघाले. आर्य समाजाचा ज्या भागात इतका जोर होता तिथे महर्षी दयानंदांचे नाव कॉलेजला मिळणे स्वाभाविक होते. १९७० मध्ये राजर्षी शाहू कॉलेज सुरू झाले. तिथले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या निग्रो साहित्याचे अभ्यासक. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला आणि त्याच दशकात वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे सुरू केले त्याला पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले. त्यात जादू नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, मग चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या, प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून मुलाला समोर बसवून चूक दाखवायची, सुट्टीतही वर्ग भरवायचे. खेड्यातून आलेला पोरगा बोर्डाच्या गुणवत्ता यादीत येऊ शकतो, हे महाराष्ट्राला प्रथम लातूरने दाखवले. आज तिथे उद्योग भवनाच्या परिसरात डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेल्या मुलांची आणि क्लासच्या पाट्यांची दाटी आहे. खोल्या, मेस, झेरॉक्स, सायकली यांवर कितीतरी कुटुंबांचे पोट चालते. शिक्षण हाच गावाचा कारखाना झाला. त्यातून पुष्कळ मिळाले. पण लातूरने कुरुंदकरांसारखा, परीक्षेत नापास होऊन विद्वान होणारा माणूस आपल्या वर्गात टिकेल अशी जागा ठेवली आहे का, याचाही विचार तिथल्या मास्तरांनी करावा.

नांदेडच्या मिलचे मात्र दिवस फिरत गेले. मुंबईच्या गिरण्यांसारखीच जुनी यंत्रे, थकलेले भांडवल आणि यंत्रमागाची स्पर्धा. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, उस्मानशाही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि लोकांच्या तोंडी ‘एनटीसी मिल’ झाली. त्याच वर्षी मराठवाडा विकास आंदोलन पेटले. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात तरुणांचे बळी गेले. मागण्यांत ब्रॉडगेज रेल्वे होती, कारखाने होते, नोकऱ्या होत्या. रस्त्यावर होते ते मुख्यतः विद्यार्थी, पीपल्स कॉलेज आणि यशवंत महाविद्यालयासारख्या कॉलेजांतून बाहेर पडलेले. गिरणीने ज्यांच्या बापांना काम दिले होते त्या मुलांना पदव्या मिळाल्या, पण काम मिळेना. कॉलेजे वाढली आणि कारखाने तेवढेच राहिले, आता क्रमवारी दुसऱ्या बाजूने उलटली होती.

ही घुसमट १९७८ मध्ये फार वाईट वाटेने बाहेर पडली. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्हा त्यात सर्वांत जास्त जळाला. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जाळून मारले गेले. १९५० मध्ये ज्या दोन दरवाजांचा उल्लेख वर केला, त्यांतला एक ज्या माणसाने उघडला, त्याचेच नाव विद्यापीठाला नको म्हणून घरे पेटवली गेली. नोकऱ्यांच्या टंचाईने हे झाले असे सांगणारे असतात. टंचाई खरी होती, पण तिचा राग कोणावर काढायचा हे जातीने ठरवले.

सोळा वर्षे विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न रखडला. १९९३-९४ हे एक वर्ष तर मराठवाड्याच्या आठवणीत कायमचे कोरलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. २५ नोव्हेंबरला नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिदिनी, नांदेडला विष्णुपुरीजवळ नवे विद्यापीठ सुरू झाले. त्याला नाव दिले स्वामी रामानंद तीर्थांचे. पहिले कुलगुरू झाले लातूरचे जनार्दन वाघमारे. नांदेड आणि लातूर, गिरणी आणि गंज, दोन्ही गावांची कॉलेजे एका विद्यापीठाखाली आली.

त्यानंतर थोड्याच वर्षांत मिल बंद पडली. गुरुद्वारा मात्र वाढत गेला. त्याचा कारभार चालवणारा कायदा हैदराबाद विधानसभेने १९५६ मध्ये केला होता. त्याच वर्षी ते राज्यच विसर्जित झाले, कायदा राहिला. ब्रॉडगेज आली, सचखंड एक्सप्रेस नांदेडहून थेट अमृतसरला जाऊ लागली आणि २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीला देशभरातून भाविक आले. त्या निमित्ताने रस्ते रुंद झाले, विमानतळ सुधारला, घाट बांधले गेले. शहराला रोजगार देण्याचे काम भोंग्याकडून यात्रेकडे, कॉलेजांकडे आणि दवाखान्यांकडे गेले.

तख्ताचा इतिहास ग्रंथी आणि अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत. मुक्तिसंग्रामाचा इतिहास स्वामीजींनी स्वतः लिहिला. कुरुंदकरांचे लेखन त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांभाळले. पाळीवर उभ्या राहिलेल्या माणसांचे दफ्तर तसे सांभाळले पाहिजे. मिलची मस्टरे, युनियनची पत्रके, संपाच्या नोटिसा, चाळींतले फोटो यांचा शोध घेतला पाहिजे. साचेखात्यात आणि कातणखात्यात काम केलेले काहीजण आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करता येईल, मराठीत, उर्दूत, तेलुगूत, ज्याला जी भाषा येते तीत. ज्या विद्यापीठावर एका कामगार कार्यकर्त्याचे नाव आहे त्याच्या इतिहास विभागाने हे काम हाती घ्यावे, आणि येत्या एक-दोन वर्षांतच घ्यावे. पीपल्स कॉलेजच्या, यशवंतच्या आणि लातूरच्या शाहू-दयानंदच्या मुलांना वह्या आणि मोबाइल घेऊन त्या जुन्या चाळींत पाठवले तर पहिली शंभर माणसे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटतील.